स्वमग्न प्रौढ आणि घरातला कुत्रा : या चुका टाळा

कुत्रा आणायचा निर्णय आपण बहुतेक वेळा एखाद्या चांगल्या दिवशी घेतो. झोप झालेली असते, डोकं शांत असतं, फिरायला जायची हौस असते. पण कुत्रा वाईट दिवशीही घरातच असणार. ज्या दिवशी दिव्याचा उजेड टोचतो, तोंडातून शब्द फुटत नाही आणि अंथरुणातून दारापर्यंत जाणंही अवघड होतं, त्या दिवशीही. मी स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, आहे. स्वमग्नतेचं निदान तिशीनंतर झालं. भुरी, माझी कुत्री, माझ्याकडे आली त्याला सहा वर्षं झाली. माझ्या आणि माझ्यासारख्या इतरांच्या चुका आठवल्या की जवळपास प्रत्येकीच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. सगळी व्यवस्था चांगल्या दिवसाच्या मापाने केलेली होती.

पिल्लूच हवं, हा हट्ट

पिल्लाचे दुधाचे दात पडून पक्के दात येईपर्यंत, म्हणजे साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत, ते हातापायांना चावत राहतं. सुरुवातीला रात्री उठवतं. कुईकुई कधी सुरू होईल याचा नेम नसतो. एक झोप मोडली की ज्याचे पुढचे दोन दिवस बिघडतात, त्याला हे महिने फार जड जातात. दोन-तीन वर्षांचा, स्वभाव ठरलेला कुत्रा घेतला तर तो किती भुंकतो, लाळ किती गाळतो, अंगावर उड्या मारतो का, हे आधी पाहता येतं.

जातीचं वर्णन वाचून ठरवू नका, त्या एका कुत्र्याला भेटून ठरवा. निदान तीनदा जा, आणि त्यातली एक भेट मुद्दाम थकलेल्या दिवशी ठेवा. त्याचं भुंकणं ऐका. लहान कुत्र्याचं तीक्ष्ण भुंकणं मोठ्या कुत्र्याच्या खर्जातल्या भुंकण्यापेक्षा कितीतरी जास्त बोचू शकतं. मला ते सुईसारखं लागतं, भुरीचा भरदार आवाज चालतो. ओल्या केसांचा वास घ्या, हात चाटू द्या. ‘होईल सवय’ असं म्हणणारे भेटतील. आवाज-स्पर्श-वासाची ही तीव्रता २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या मानसिक निदानाच्या अमेरिकी संदर्भग्रंथात स्वमग्नतेच्या निदानाच्या निकषांत नोंदलेली आहे. ती इच्छाशक्तीने जात नाही.

फक्त तोंडी आज्ञा शिकवणं

याबद्दल मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी भुरी ‘थांब’, ‘ये’, ‘जागेवर’ हे सगळं छान ऐकायची. एका संध्याकाळी दिवसभराच्या गोंगाटानंतर मी घरी आले आणि शटडाऊन झालं, म्हणजे ताण असह्य होऊन बोलणं-हालणंच थांबलं. दार पूर्ण बंद झालं नव्हतं. भुरी बाहेर पडली, जिना उतरू लागली. ‘थांब’ हा शब्द डोक्यात होता, तोंडात येत नव्हता. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तिला पकडून आणलं, नाहीतर ती रस्त्यावर गेली असती.

ज्यांची वाचा ताणाखाली जाते, त्यांनी प्रत्येक महत्त्वाची आज्ञा हाताच्या खुणेनेही शिकवावी. कुत्री शरीराच्या हालचाली फार बारकाईने वाचतात, त्यामुळे खुणा लवकर शिकतात. पद्धत सोपी आहे, फक्त क्रम पाळावा लागतो. आधी खूण करायची, क्षणभर थांबायचं, मग ओळखीचा शब्द म्हणायचा, आणि कुत्र्याने ऐकलं की सेकंद-दोन सेकंदांत खाऊ द्यायचा. काही दिवसांनी तो शब्दाची वाट न पाहता खुणेवरच ऐकतो, तेव्हा शब्द गाळायचा. खूण आणि शब्द एकाच वेळी दिले तर तो ओळखीच्या शब्दाकडेच लक्ष देतो आणि खूण शिकत नाही. आठवडे जाऊनही प्रगती नसेल तर आधी हे तपासा.

हात आखडलेले असतानाही जमतील अशाच खुणा निवडा. माझ्याकडे उघडा तळवा म्हणजे थांब, मांडीवर थाप म्हणजे ये, आणि जमिनीवर दोन टिचक्या म्हणजे तुझ्या चटईवर जा. ही शेवटची अंधारातही चालते, आणि मला तीच सर्वांत जास्त लागते. शिकवण्यासाठी क्लिकर, म्हणजे दाबल्यावर टक् वाजणारी छोटी डबी, वापरायचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो टकटक आवाज सहन होत नसेल तर सोडून द्या, हळू आवाजातला एक ठरलेला शब्द पुरतो.

मेल्टडाऊनमध्ये कुत्र्याला कवटाळणं

मेल्टडाऊन म्हणजे ताण असह्य होऊन स्वतःवरचा ताबा सुटणं. तेव्हा अंगावरचा दाब आपल्याला शांत करतो, म्हणून जवळच्या उबदार जिवाला घट्ट धरावंसं वाटतं. हे मला पूर्ण समजतं. पण बऱ्याच कुत्र्यांना घट्ट मिठी म्हणजे अडकणं वाटतं. झोप आलेली नसताना जांभई, ओठ चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ होणं, या त्याच्या ‘नको’च्या खुणा आहेत. त्या दुर्लक्षिल्या तर पुढची पायरी गुरगुरणं असते. गुरगुरण्याबद्दल कधीही रागावू नका, नाहीतर तो इशारा न देता चावायला शिकेल.

त्याऐवजी शांत दिवशी त्याला पायांवर आडवं पडायला किंवा मांडीवर हनुवटी टेकायला शिकवा. सुरुवातीला दहा सेकंद, मग हळूहळू वाढवत. कधीही उठून जायची मुभा त्याला असली पाहिजे. तो गेला तर जाऊ द्या. जड पांघरूण हाताशी असू द्या, म्हणजे सगळा भार त्याच्यावर पडणार नाही. मेल्टडाऊनमध्ये हातपाय आपटले जात असतील तर कुत्र्याला स्वतःहून जाता येईल असा कोपरा दुसऱ्या खोलीत हवा, आणि त्या खोलीचं दार कायम उघडं.

२०१९ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी कुत्रे आणि त्यांच्या माणसांच्या केसांतलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक मोजलं, तेव्हा दोघांची दीर्घकाळची ताणाची पातळी एकमेकांशी जुळत असल्याचं दिसलं. आपला ताण तो उचलतो, हे मी तेव्हापासून फार गंभीरपणे घेते. माझ्या वाईट दिवसानंतरचा दिवस आता तिच्याही विश्रांतीचा असतो. त्या दिवशी नवी जागा नाही, पाहुणे नाहीत, फक्त रेंगाळत, हुंगत काढलेली फेरी.

घड्याळाला बांधलेला दिनक्रम

दिनक्रम आपल्यालाही हवा आणि कुत्र्यालाही, त्यामुळे इथे चूक होईल असं वाटतच नाही. पण रोज बरोबर सातला जेवण दिलं की पावणेसातला कुत्रा समोर येऊन कुईकुई करतो, आणि तो आवाज आपल्याला असह्य होतो. वेळ नको, क्रम पक्का ठेवा. आधी फेरी, मग पाणी, मग जेवण, मग झोप. वेळ मुद्दाम अर्धा-पाऊण तास मागेपुढे करत राहा. सवय आधीच लागली असेल तर रोज दहा-दहा मिनिटांनी सरकवा. मधे एकदा मागणी वाढेल. तेव्हा हार मानून लगेच वाटी भरली तर तो आणखी जोरात मागायला शिकतो.

त्याला रोज थोडा वेळ एकटं राहायचीही सवय हवी. दिवसभर घरात सोबत असणाऱ्यांचं कुत्रं पहिल्याच गैरहजेरीत घाबरून जातं.

फेरीवर सगळे आवाज बंद करणं

दोन्ही कानांवर आवाज तोडणारे हेडफोन लावले की गाडीही ऐकू येत नाही आणि मागून येणारा दुसरा कुत्राही. आवाज पूर्ण बंद न करता कमी करणारे इअरप्लग वापरा, किंवा गर्दी नसलेली वेळ निवडा. हात लावू का, नाव काय, असं विचारत लोक थांबतात. त्यांच्यासाठी एकच वाक्य पाठ ठेवा. मी ‘आज नको, आम्ही घाईत आहोत’ म्हणते. बोलणं होत नसेल तर हार्नेसवर ‘हात लावू नका’ असं लिहिलेली पट्टी लावा.

दुखणं नजरेतून सुटणं

मला स्वतःची भूक-तहान उशिरा कळते. कुत्रा दुखणं लपवतो. दोघांच्या मधे आजार सहज निसटतो. भिंतीवर एक तक्ता लावा : जेवण, पाणी, शी, चालणं, दर महिन्याचं वजन. पशुवैद्याला फोन करणं जड जात असेल तर मेसेज चालतो का ते आधीच विचारून ठेवा, लक्षणं कागदावर न्या, आणि पाळी येईपर्यंत बाहेर थांबायची परवानगी मागा.

किल्ली कुणालाच न देणं

एका माणसाकडे तरी घराची किल्ली हवी, आणि त्याला कुत्र्याने आधीपासून ओळखायला हवं. दाराजवळ एक कागद लावा. त्यावर जेवणाचं माप, औषधं, पशुवैद्याचा नंबर, हाताच्या खुणा आणि कशाकशाला तो घाबरतो, हे सगळं लिहा. चांगल्या दिवशी त्या माणसाला एकदा एकट्याने फेरी मारू द्या. निरोप आधीच ठरवून ठेवा, कारण त्या वेळी वाक्य जुळवता येत नाही. मी मैत्रिणीला फक्त ‘भुरी’ एवढंच पाठवते. ती येते, पट्टा घेते, काही विचारत नाही आणि दिवा लावत नाही.