ल्युकेमियाच्या रुग्णाच्या अंगावर गाठ उठली तर: तपासणी आणि बायोप्सी

ॲक्यूट ल्युकेमियाच्या (झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाच्या) रुग्णाच्या अंगावर नवी गाठ किंवा चट्टा उठला की आधी बोट लावून बघा. ल्युकेमियाच्या पेशी त्वचेत उतरल्या असतील, म्हणजे ल्युकेमिया क्युटिस असेल, तर हाताला घट्ट, रबरासारखी गाठ लागते. ती सहसा दुखत नाही, खाजतही नाही. रंग लालसर-तपकिरी ते जांभळट. पण सावळ्या कातडीवर लाली लपते, म्हणून भिस्त बोटावर ठेवा. मग तोंड उघडून हिरड्या पाहा. मोनोसाइट (एक प्रकारची पांढरी पेशी) वंशाच्या एएमएलमध्ये (ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियामध्ये), जुन्या वर्गीकरणातल्या एम४ आणि एम५मध्ये, त्वचेच्या गाठी आणि सुजलेल्या हिरड्या बरोबरीने आढळतात.

काचेची स्लाइड दाबूनही न फिकटणारे सपाट ठिपके बहुधा प्लेटलेट घटल्यामुळे असतात. ठिपका हाताला उंच लागला तर मात्र सोडू नका. ल्युकेमियाच्या गाठीतही रक्त उतरतं.

ताप आणि दुखरे चट्टे असतील तर स्वीट सिंड्रोम (त्वचेत न्यूट्रोफिल पेशी जमून येणारी सूज) आठवा. रक्तातले न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) घटलेले असताना गाठ मधोमध काळी पडली, तर बुरशी किंवा स्यूडोमोनास जिवाणूचा संसर्ग. हा फरक नुसत्या नजरेने ठरवणं धोक्याचं आहे: स्वीटला स्टिरॉइड लागतं आणि तेच स्टिरॉइड बुरशीला मोकळं रान देतं. लिम्फोब्लास्टिक (लिम्फोसाइट वंशाच्या) ल्युकेमियात तर स्टिरॉइडने पेशीच मरतात आणि निदान हातचं जाऊ शकतं. म्हणून शक्यतो बायोप्सी आधी, स्टिरॉइड नंतर. काळी पडणारी गाठ असेल तर बायोप्सी त्याच दिवशी.

प्लेटलेट कमी आहेत एवढ्यावरून बायोप्सी टाळू नका. त्वचेवर दाब देता येतो, टाका घालता येतो. प्रोमायलोसाइटिक ल्युकेमियाची शंका असेल तर आधी रक्त गोठण्याच्या चाचण्या, म्हणजे पीटी, एपीटीटी आणि फायब्रिनोजेन, पाहून घ्या.

ताजी, न फुटलेली गाठ निवडा. ४ ते ६ मिमीचा पंच (त्वचेचा गोल तुकडा कापणारं हत्यार) चरबीपर्यंत उतरवा. वरवर खरवडलेला तुकडा उपयोगाचा नाही, कारण पेशी बहुधा खोल डर्मिसमध्ये (त्वचेच्या आतल्या थरात) असतात आणि एपिडर्मिसखाली (वरच्या थराखाली) मोकळा पट्टा राहतो. तुकडा चिमट्यात दाबू नका, सुईच्या टोकाने उचला. चिरडलेल्या ब्लास्ट (ल्युकेमियाच्या अपरिपक्व) पेशी ओळखता येत नाहीत. दोन तुकडे घ्या: एक १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये, जिवाणू आणि बुरशीच्या कल्चरसाठी. दुसराही चुकून फॉर्मॅलिनमध्ये पडला की कल्चर गेलं. ही चूक फार होते, म्हणून बाटल्यांवर आधीच नावं घाला.

फॉर्मवर नुसतं ‘पुरळ’ लिहू नका. ल्युकेमियाचा प्रकार, केमोची तारीख आणि शंका लिहा. पेशी ओळखायला त्यांच्यावरच्या आणि आतल्या खुणा (मार्कर) रंगवून पाहतात. मोनोसाइटिक पेशींमध्ये सीडी३४, सीडी११७, कधी एमपीओसुद्धा निगेटिव्ह येतं. तेवढ्यावरून ‘ल्युकेमिया नाही’ म्हणता येत नाही. सीडी६८, लायसोझाइम, सीडी३३ आणि सीडी४३ हे मार्करही मागा. सीडी५६ पॉझिटिव्ह आलं तर सीडी१२३ आणि टीसीएल१ही करा, नाहीतर प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशींचा ट्यूमर निसटतो.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), स्मिअर (काचेवर पसरलेल्या रक्ताची तपासणी) आणि बोन मॅरोची (अस्थिमज्जेची) तपासणी सोबतच करा. मॅरो स्वच्छ आली तरी त्वचेचं निदान रद्द होत नाही; गाठी कधी रक्ताच्या आधी दिसतात. तेव्हाही नुसती गाठ कापून भागत नाही, उपचार ल्युकेमियाचेच लागतात. डोकेदुखी, दुहेरी दिसणं, चेहरा वाकडा होणं यांची विचारपूस करा आणि यातलं काही असेल तर पाठीतल्या पाण्याची तपासणी (लंबर पंक्चर) लांबवू नका.