कॅनडाच्या पीआरसाठी अनुभवाचे पुरावे: सिनिअर लोकांनी काय काय आधी जमवून ठेवावं

एक्सप्रेस एंट्रीतून, म्हणजे कुशल लोकांना गुणांवर निवडणाऱ्या कॅनडाच्या ऑनलाइन पद्धतीतून, पीआरचं (कायमच्या वास्तव्याच्या परवान्याचं) निमंत्रण आलं की संपूर्ण अर्ज कागदपत्रांसकट भरायला 60 दिवस मिळतात. डिग्रीचं मूल्यांकन, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल हे सगळं प्रोफाइल भरतानाच हातात असतं. गाडी अडते ती अनुभवाच्या पत्रापाशी, आणि माणूस जितका सिनिअर तितकी जास्त अडते. पंधरा-वीस वर्षांत तीन-चार कंपन्या झालेल्या असतात, त्यातली एखादी दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली, एखादी बंद पडलेली, आणि आपलं काम ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं ते साहेब रिटायर होऊन गावी गेलेले. म्हणून निमंत्रणाची वाट बघू नका. पत्रांच्या मागे आजपासून लागा.

आधी कागद-पेन घेऊन बसा आणि नक्की किती वर्षं सिद्ध करायची आहेत ते ठरवा. फेडरल स्किल्ड वर्कर या एक्सप्रेस एंट्रीतल्या योजनेच्या पात्रतेत अनुभवाचे जास्तीत जास्त 15 गुण असतात आणि ते सहा वर्षांना पूर्ण मिळतात. पुढे सीआरएसच्या, म्हणजे निमंत्रण कोणाला द्यायचं ते ठरवणाऱ्या क्रमवारीच्या, गुणांत परदेशातला अनुभव तीन वर्षांपर्यंतच मोजला जातो. इंग्रजी चांगलं असेल, म्हणजे वाचणं, लिहिणं, ऐकणं, बोलणं या चारही कौशल्यांत सीएलबी (कॅनडाची भाषेची पातळी) 9 असेल, तर त्याचे 50 गुण मिळतात. म्हणजे वीस वर्षांच्या नोकरीचा प्रत्येक महिना सिद्ध करण्यात जीव काढायची गरज नाही. गेल्या दहा वर्षांतली ज्यांचे कागद सगळ्यात भक्कम आहेत ती वर्षं गुणांसाठी दाखवा. बाकीच्या नोकऱ्या वैयक्तिक इतिहासाच्या रकान्यात मात्र प्रामाणिकपणे लिहाच, तिथे एक महिनाही रिकामा सोडू नका. वय हा सिनिअर लोकांचा खरा शत्रू आहे. तिशीनंतर दर वाढदिवसाला गुण घटतात आणि 45 व्या वर्षी वयाचे गुण शून्य होतात, त्यामुळे एका पत्रासाठी वर्षभर थांबणं परवडत नाही.

मग एनओसी कोड, म्हणजे कॅनडाच्या सरकारी व्यवसाय-यादीतला तुमच्या कामाचा क्रमांक. इथे आपल्याकडच्या हुद्द्यांनी फार घोळ होतो. हिंजवडीतल्या कितीतरी जणांच्या कार्डावर मॅनेजर लिहिलेलं असतं आणि दिवसभर ते कोड लिहितात, रिव्ह्यू करतात, क्लायंटच्या कॉलवर बसतात. असा माणूस 20012, म्हणजे कम्प्युटर आणि इन्फर्मेशन सिस्टिम्स मॅनेजरचा कोड लावतो, आणि पत्रात बजेट, माणसांची भरती, विभागाचं नियोजन यांतलं काहीच नसतं. अर्ज तपासणारा अधिकारी हुद्दा बघत नाही. त्या कोडच्या सुरुवातीच्या वर्णनाशी आणि बहुतेक मुख्य कामांशी तुमचं काम जुळतं का, ते बघतो. प्रत्यक्ष काम सॉफ्टवेअर इंजिनिअरचं असेल तर 21231 लावण्यात काहीही कमीपणा नाही. गुण दोन्हींना सारखेच आहेत आणि खरं ते सिद्ध करायला सोपं जातं. एकाच कंपनीत बढती होऊन काम बदललं असेल, तर प्रत्येक पदाच्या तारखा आणि कामं पत्रात वेगळी लिहून घ्या.

पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवं. त्यावर पत्ता, फोन, ईमेल, तुमच्या साहेबांचं किंवा एचआरमधल्या माणसाचं नाव, हुद्दा आणि सही हवी. आत तुमचं पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि इतर लाभ, आणि कामांचं वर्णन हवं. तास विसरले जातात, ते आवर्जून लिहून घ्या. 30 तासांचा आठवडा पूर्णवेळ धरतात, त्याच्या वरचे तास मोजत नाहीत. आपल्याकडच्या रिलिव्हिंग लेटरमध्ये तारखा असतात आणि ‘वर्तणूक समाधानकारक’ असं वाक्य असतं. तेवढ्याने भागत नाही.

कामांच्या वर्णनासाठी मसुदा तुम्हीच करून द्या. भोसरीच्या टूल रूममधल्या सिनिअर कारागिराचं पत्र घ्या. ‘टूल रूम विभागात वरिष्ठ पदावर कार्यरत होते’ या ओळीतून अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. ‘ड्रॉइंग वाचून प्रोग्रेसिव्ह डाय बनवणे, सरफेस ग्राइंडिंग आणि वायर कटचं सेटिंग करणे, मायक्रोमीटर आणि हाइट गेजने मापं तपासणे, प्रेसवर ट्रायल घेऊन डाय दुरुस्त करणे, नव्या मुलांना शिकवणे’ असं लिहिलं की 72101, टूल अँड डाय मेकर, डोळ्यांसमोर उभा राहतो. फक्त एनओसीच्या पानावरची वाक्यं जशीच्या तशी उतरवू नका. अधिकाऱ्यांना ती पाठ असतात आणि शंका तिथूनच सुरू होते.

मोठ्या कंपन्यांचं एचआर बऱ्याचदा सरळ सांगतं की आमच्या ठरलेल्या नमुन्यात कामं लिहीत नाही. वाद घालू नका. तेच पत्र घ्या आणि जोडीला तुमच्या त्या वेळच्या साहेबांकडून नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र घ्या. तुम्ही एकत्र कधी काम केलं, कोण कोणाला रिपोर्ट करत होतं आणि तुम्ही काय करत होता, हे त्यांनी स्वतःच्या माहितीवरून लिहावं. ते तिथे होते याचा पुरावाही सोबत असू द्या. एचआरने नकार दिल्याचा ईमेल जपून ठेवा आणि हे सगळं का जोडलं ते स्पष्टीकरणाच्या पत्रात मोजक्या ओळींत मांडा. कंपनी बंद पडली असेल तरी वाट हीच.

पत्राला पैशाची साक्ष हवी. अपॉइंटमेंट लेटर, बढतीची पत्रं, सॅलरी स्लिपा, फॉर्म 16 आणि पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट गोळा करा. पीएफचं पासबुक तर सोनं आहे, कारण त्यात कंपनीचं नाव आणि दरमहाची वर्गणी तिसऱ्याच संस्थेने नोंदवलेली असते. यूएएनला (पीएफच्या खाते क्रमांकाला) जुना मोबाइल नंबर जोडलेला असेल तर तो आधी बदला, नाहीतर ओटीपीसाठी दिवस जातात. पत्रातल्या आणि या कागदांतल्या तारखा शेजारी ठेवून ताडून बघा. स्वतःचा व्यवसाय असेल तर गुमास्ता, जीएसटी, रिटर्न आणि ग्राहकांची पत्रं लागतील. स्वतःच स्वतःला दिलेलं कामाचं पत्र चालत नाही. गुमास्ता किंवा दुसरा कुठला कागद मराठीत असेल तर इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर जोडा.

एजंट ‘पत्राची सोय करतो’ म्हणाला तर तिथून उठा. खोटा कागद सापडला तर पाच वर्षांची बंदी येते, आणि ती कुटुंबाची सगळी आखणी मोडते.

एका नोकरीचे सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये, पत्र सगळ्यात वर, आणि फाइल 4 एमबीच्या आत ठेवा. सध्याच्या नोकरीचं पत्र मागायला संकोच वाटत असेल तर निदान जुन्या साहेबांना या रविवारी फोन लावा.