एआरटी सुरू झाल्यावर मानेची गाठ वाढली, तर

मी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, सिस्टर आहे. टीबीचं औषध चालू असताना एआरटीच्या गोळ्या नव्याने सुरू झालेल्यांचा फोन बहुतेक पहिल्या महिन्याभरात येतो. "सिस्टर, बरं वाटायला लागलं होतं, आता परत ताप येतोय, गाठ दुप्पट झालीय. गोळ्या सोसत नाहीत, बंद करू?"

बंद करू नका. एआरटीही नाही आणि टीबीच्या गोळ्याही नाहीत.

एआरटीने एचआयव्हीचा विषाणू दबला की प्रतिकारशक्तीला बळ येतं आणि अंगातल्या टीबीच्या जंतूंवर ती तुटून पडते. सूज, ताप येतो तो त्यामुळे. डॉक्टर याला आयरिस म्हणतात. सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारपेशींचा आकडा, १०० च्या खाली असताना एआरटी सुरू झाली असेल, तर धोका जास्त.

पण हे घरी बसून ठरवायचं नाही. गोळ्यांचे सगळे डबे आणि पाकिटं घेऊन केंद्रात या. मी आधी गोळ्या मोजते. टीबीच्या औषधात रिफाम्पिसिन असतं, ते एआरटीतल्या डोल्युटेग्राविर या औषधाचा असर कमी करतं. म्हणून टीबीचं औषध चालू असेपर्यंत, आणि रिफाम्पिसिन संपल्यावरही दोन आठवडे, रोजच्या गोळीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची वेगळी गोळी लागते. नेमकी तीच अनेकांची राहून जाते. मग थुंकी किंवा गाठीतला पू सीबीनॅट या टीबीच्या तपासणीला जातो, कारण औषधाला दाद न देणारा टीबीही असाच दिसतो.

त्रास थोडा असेल तर तापाची गोळी पुरते. गाठ मऊ झाली असेल तर डॉक्टर सुईने पू काढतात. मेडिकलमधून वेदनाशामक आणून खाऊ नका, एआरटीतल्या टेनोफोविरमुळे किडनी आधीच जपावी लागते.

त्रास जास्त असेल तर प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं स्टिरॉइड देतात. दक्षिण आफ्रिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रेडनिसोन हे त्याच जातीचं औषध वजनाच्या किलोमागे रोज १.५ मिलिग्रॅम दोन आठवडे आणि मग निम्म्या डोसने दोन आठवडे दिलं होतं, त्याने रुग्णांना आराम पडला. तुमचा डोस मात्र डॉक्टरच ठरवतील. कापोसी सार्कोमा हा कॅन्सर असेल तर स्टिरॉइडने तो बळावतो, म्हणून आधी अंगावरचे जांभळे डाग दाखवा. स्टिरॉइडची गोळी नाश्त्यानंतर घ्या, साखर आणि बीपी तपासून घ्या, आणि बरं वाटलं म्हणून एकदम सोडू नका.

डोकं फार दुखून उलट्या, गुंगी, झटके किंवा धाप, यातलं काहीही झालं तर अंगावर काढू नका, त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात जा. एआरटी थांबवायची वेळ क्वचित येते, जिवावर बेतलं तरच, आणि ते डॉक्टर ठरवतात. केंद्र बंद असेल तर १०९७ वर विचारा, फोन फुकट आहे. स्टिरॉइडचा डोस कमी करताना गाठ परत फुगली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी कळवा.