मॅनहोलपाशी उभं राहणारा माणूस

शटडाऊन लागलं, म्हणजे साफसफाई-दुरुस्तीसाठी प्लँट बंद झाला, की नव्या पोराच्या वाट्याला हमखास एक काम येतं. टाकीत माणसं उतरली की तिच्या मॅनहोलपाशी, म्हणजे आत जायच्या तोंडाशी, रजिस्टर घेऊन त्यांच्यावर लक्ष ठेवत उभं राहायचं. डिप्लोमा करून रायगड जिल्ह्यातल्या एका रासायनिक कारखान्यात मी ट्रेनी म्हणून लागलो, तेव्हा मलाही हेच दिलं आणि मी खट्टू झालो. तीन वर्षं शिकून नुसतं उभं राहायचं? आता त्या जागी माणूस नेमायचं काम माझ्याकडे आहे आणि ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा असतो त्यालाच मी तिथं उभा करतो. तुम्ही नव्याने प्लँटवर जाणार असाल तर हे आधीच सांगून ठेवतो.

माझ्या दुसऱ्याच आठवड्यातली गोष्ट. ईटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटची, टाकी रिकामी करून तळाचा गाळ काढायचा होता. सकाळी गॅस टेस्ट झाली, ऑक्सिजन 20.8 टक्के, बाकी सगळं शून्य. परमिटवर, म्हणजे आत उतरायच्या परवान्यावर, सह्या झाल्या, ठेकेदाराची दोन माणसं आत उतरली आणि जेवणापर्यंत काम रीतसर चाललं. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी टाकीत ताजी हवा सोडणारा ब्लोअर बंद केला. सुट्टी संपल्यावर सुपरवायझर म्हणाला, "सकाळीच टेस्ट झालीय, उतरा." एकाचा पाय शिडीवर पडलासुद्धा होता. तेवढ्यात आमचे फोरमन काका आले. त्यांनी त्याला दंडाला धरून बाजूला केलं आणि मीटर दोरीला बांधून आत सोडला. वरच्या भागात काही नाही. मध्यावर थांबले, आकडा स्थिर होईपर्यंत मनातल्या मनात मोजत राहिले, तिथंही काही नाही. मीटर तळाजवळ गेला आणि आतून किंचाळायला लागला. वर ओढून पाहिलं तर हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूची सर्वात मोठी नोंद 38 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 38 भाग. आमच्याकडे 10 ला अलार्म लावलेला असतो.

सकाळी फावड्याने गाळ ढवळला गेला, त्यात अडकलेला वायू सुटला आणि ब्लोअर बंद असल्यामुळे तळाशी साचला. हवेपेक्षा तो जड असतो. मिथेन हलका, तो वर जमतो. म्हणूनच वर, मध्ये आणि खाली अशा तिन्ही ठिकाणी टेस्ट करायची, आणि काम थांबलं की पुन्हा नव्याने करायची. सकाळची टेस्ट सकाळपुरतीच खरी. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण 100 पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं हे फार थोड्यांना माहीत असतं. वास गेला म्हणून वायू गेला असं समजणारा माणूस तेव्हाच जास्त धोक्यात असतो.

मला स्वतःला सर्वात जास्त भीती वाटते ती नायट्रोजनची. तो विषारी नाही, आपण रोज श्वासातून घेतोच. ज्वालाग्राही सॉल्व्हंटच्या रिअॅक्टरमध्ये आग लागू नये म्हणून तो भरून ठेवतात. श्वास कोंडल्यावर जीव घाबरा होतो तो अंगात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. नायट्रोजनमध्ये श्वास चालूच राहतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, त्यामुळे शरीर काहीच इशारा देत नाही. दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. म्हणून मॅनहोलमधून नुसतं डोकं घालून "जरा बघतो" म्हणणं हेही आत जाणंच आहे. त्यालाही परमिट लागतं.

मीटरच्या पडद्यावर आधी ऑक्सिजन बघा. तो 19.5 च्या खाली किंवा 23.5 च्या वर असेल तर पुढचं काही बघायची गरज नाही, प्रवेश बंद. ज्वालाग्राही वायू मोजणाऱ्या नेहमीच्या सेन्सरला काम करायला ऑक्सिजन लागतो. टाकीत नायट्रोजन भरलेला असेल तर तिथं सॉल्व्हंटची वाफ असूनही तो शून्य दाखवू शकतो. हे कळलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती. कारण त्याआधी कितीदा तरी मी फक्त ते शून्य पाहून निश्चिंत झालो होतो.

परमिट हातात आलं की एकदा स्वतः फिरून या. लाइनचा व्हॉल्व्ह बंद आहे एवढ्यावर समाधान मानू नका, बंद व्हॉल्व्हही पास होतात, म्हणजे आतून गळतात. पाइपच्या जोडात, म्हणजे फ्लँजमध्ये, लाइन पूर्ण बंद करणारी चकती, म्हणजे ब्लाइंड, मारलेली दिसली पाहिजे. आत ढवळणाऱ्या अॅजिटेटरला कुलूप आणि टॅग आहे का, आतला हँडलॅम्प 24 व्होल्टचाच आहे का, हेही बघा. 24 व्होल्टची अट तर 1948 च्या कारखाने कायद्यानेच घातली होती. मॅनहोलवरच्या ट्रायपॉडची, माणूस वर ओढायची विंच रिकामी फिरवून बघा. आत उतरणाऱ्याच्या अंगावरच्या पट्ट्यांची, म्हणजे हार्नेसची, दोरी विंचला जोडली आहे ना, की नुसतीच रेलिंगला अडकवली आहे?

आणि आता सर्वात कठीण गोष्ट. आतला माणूस पडला तर तुम्ही आत जायचं नाही. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने 1986 मध्येच बजावलं होतं की टाकीसारख्या बंदिस्त जागी मरणाऱ्यांपैकी 60 टक्क्यांहून अधिक लोक दुसऱ्याला वाचवायला गेलेले असतात. आपल्याकडेही एकामागोमाग तिघे-चौघे गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. पाय आपोआप पुढे होतात, समोर ओळखीचं माणूस पडलेलं असतं. तेव्हा हात विंचवर ठेवा, ओरडा, अलार्म दाबा. आत जाईल ती एससीबीए, म्हणजे पाठीवर स्वतःचा हवेचा सिलिंडर असलेला सेट, लावलेली रेस्क्यू टीम. साधा कॅनिस्टर मास्क हवा फक्त गाळतो, नसलेला ऑक्सिजन तो आणणार कुठून? एससीबीए कसा घालायचा हे पहिल्याच महिन्यात मागे लागून शिकून घ्या. पुढे सेफ्टीतच करिअर करावंसं वाटलं तर औद्योगिक सुरक्षेचा अॅडव्हान्स डिप्लोमा आहे. मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथल्या प्रशिक्षणांची चौकशी करा.

रजिस्टरमध्ये "ठेकेदाराची माणसं, 2" असं कधीही लिहू नका. नावं विचारा. काका दर पाच मिनिटांनी मॅनहोलपाशी वाकायचे, पण डोकं बाहेरच ठेवून, आणि नावाने हाक मारून असं काहीतरी विचारायचे ज्याचं उत्तर "हो" म्हणून देता येणार नाही. ऑक्सिजन कमी पडायला लागला की आधी बोलणं जड होतं, भलतंच उत्तर येतं. ते त्यांना ऐकायचं असायचं.

त्या दिवशी ब्लोअर पुन्हा लावला, तासाभराने पुन्हा टेस्ट झाली, तिन्ही ठिकाणी मीटर गप्प राहिला. माणसं उतरली. या वेळी काकांनी मला पुढे केलं.

"मामा, किती राहिलं?" मी विचारलं.

"कोपऱ्यातलं राहिलंय. अजून सहा घमेली निघतील," खालून स्पष्ट आवाज आला. मी वेळ लिहिली, तीन वाजून दहा मिनिटं.