मुलांना औषध देताना या चुका टाळा

"मागच्या वेळी ५ एमएल दिलं होतं ना, मग तेवढंच दे" – घरोघरी हेच चालतं आणि घोळ इथेच होतो, कारण मागची बाटली कुठली होती हे कुणाच्याच लक्षात नसतं. पॅरासिटामॉलचंच घ्या. ड्रॉप्स बऱ्याचदा १ एमएलला १०० एमजी असतात, सिरप ५ एमएलला १२० नाहीतर २५० एमजी. मुलाला एका वेळी किलोमागे १० ते १५ एमजी लागतं, म्हणजे १० किलोच्या पोराला जास्तीत जास्त १५०. तेवढ्यासाठी ड्रॉप्स दीड एमएल, २५० वालं सिरप ३ एमएल आणि १२० वालं सव्वासहा. आता हे सव्वासहा एमएलचं माप कुणी घाईत ड्रॉप्सच्या बाटलीतून काढलं तर एका फटक्यात ६०० एमजीच्या वर गेलं, चौपट डोस, आणि त्याचा फटका बसतो लिव्हरला! म्हणून डॉक्टरांना एमजी आणि एमएल दोन्ही लिहून द्यायला सांगा आणि लेबलशी ताडून बघा. वजनही आत्ताचं सांगा, सहा महिन्यांपूर्वीचं नको.

दुसरं म्हणजे सर्दीच्या मिक्स सिरपमध्ये पण बरेचदा पॅरासिटामॉल असतंच, वरून तापाचं वेगळं दिलं की डबल. दोन डोसमध्ये ४ ते ६ तास जाऊ द्या, आणि आईने दिलं, मग आजीने पण दिलं असं नको, वेळ लिहून ठेवा.

चमचा तर वापरूच नका, घरातला कुठलाच चमचा दुसऱ्यासारखा नसतो. सुई नसलेली ओरल सिरिंज घ्या, गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा, थेट घशात मारलं तर ठसका लागतो. दुधाच्या पूर्ण बाटलीत औषध मिसळायचं नाही, बाळाने अर्धी सोडली तर पोटात किती गेलं कळणार कसं?

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर घरी डोस काढत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. ॲस्पिरिन मुलांना आपल्या मनाने कधीच नाही.

मुलाने औषध उलटी करून बाहेर काढलं तरी लगेच परत देऊ नका, आधी डॉक्टरांना फोन.

पावडरवाल्या अँटिबायोटिकमध्ये उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंतच घाला, फेस बसला की परत लेव्हल बघा, आणि दर वेळी बाटली हलवा नाहीतर सुरुवातीला पातळ पाणी आणि शेवटी सगळा गाळ पोटात जातो. उरलेलं पुढच्या आजारपणासाठी ठेवू नका, पाणी घातल्यावर ते ७ ते १४ दिवसच टिकतं, नक्की किती ते लेबलवर असतं.