बंगळूरची ब्रूपब्स फिरायची असतील तर: घाई न करता, मेट्रोने, छोट्या ग्लासातून

पुण्यात 2009 मध्ये डूलाली हे ब्रूपब, म्हणजे स्वतःची बिअर तिथेच बनवणारा पब, सुरू झालं तेव्हापासून आपल्याकडे ताज्या बिअरची चव लोकांना लागली, पण एका शहरात ओळीने चांगली ब्रूपब्स हवी असतील तर बंगळूरच गाठावं लागतं. आणि तिथे गेलेली बहुतेक मंडळी एकच चूक करतात, एका दिवसात सगळं शहर संपवायला निघतात. अर्धा दिवस सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्ये जातो आणि हातात काहीच येत नाही.

म्हणून पहिलं काम मॅप उघडून एका संध्याकाळसाठी एकच भाग धरायचा. मेट्रोची पर्पल लाईन इथे देवासारखी आहे. उद्यान एक्सप्रेसने उतरलात तर स्टेशनाजवळच्या मॅजेस्टिकहून तीच लाईन पकडायची, एमजी रोडला उतरलं की मॅग्रथ रोडवरचं आर्बर हे ब्रूपब चालत गाठता येतं, पुढे इंदिरानगरला उतरलं की टॉइट तर मेट्रोच्या खांबांच्या शेजारीच. व्हाईटफिल्डचं विंडमिल्स मात्र वेगळ्या दिवसासाठी ठेवा. तिथे पुस्तकं आहेत, जॅझचे कार्यक्रम असतात, निवांत बसायची जागा आहे, धावतपळत जाऊन उपयोग नाही.

दुसरं म्हणजे वेळ. शनिवारी रात्री टॉइटला गेलात तर बिअर राहिली बाजूला, रांगेतच पाय दुखतील. वीकडेला दुपारी तीन-चारला जा. गर्दी नसते, बऱ्याच ठिकाणी हॅपी अवर्स असतात, आणि मुख्य म्हणजे वेटरला बोलायला वेळ असतो. सरळ विचारायचं, आज टॅपवर काय आहे, सगळ्यात ताजी बॅच कुठली. मेन्यूत छापलेल्या सगळ्या बिअर दर वेळी असतातच असं नाही.

आता ऑर्डर. आल्या आल्या मोठा मग मागवू नका. सॅम्पलर मागा, म्हणजे चार-सहा छोट्या ग्लासात वेगवेगळ्या बिअर येतात, दोघातिघांत एक पुरतो. पिताना हलक्याकडून जड आणि कडूकडे जायचं, आधी हलकी सोनेरी ब्लाँड किंवा गव्हाची व्हीट, मग जरा भरीव एल, मग कडू आयपीए, शेवटी काळी स्टाऊट. उलटं केलंत तर आयपीएतल्या हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा) कडूपणा जिभेवर बसतो आणि नंतरची व्हीट पाण्यासारखी लागते. जर्मन पद्धतीच्या हेफेवायझन या गव्हाच्या बिअरमध्ये पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येईल, ते एसेन्स नाही, यीस्टचं काम आहे. विटबिअर या बेल्जियन गव्हाच्या बिअरमध्ये मात्र खरंच धणे आणि संत्र्याची साल घालतात. स्टाऊटचा कॉफीसारखा वास जास्त भाजलेल्या धान्याचा.

माझं मत विचाराल तर कुठल्याही ब्रूपबची परीक्षा त्यांच्या साध्या बिअरवर करावी. आंबा, चॉकलेट, मिरची असलं काहीतरी घालून दोष झाकता येतात, साध्या ब्लाँड किंवा लागरमध्ये (थंडीत सावकाश आंबवलेली बिअर) लपायला जागाच नसते. टॉइटची बासमती ब्लाँड, आर्बरची बँगलोर ब्लिस ही सुरुवातीला चांगली, आणि कडू झेपत असेल तर आर्बरची रेजिंग एलिफंट. आंब्याच्या सीझनमध्ये आंब्याची बिअर दिसली तर घ्या की, पण छोटा ग्लास, हापूसच्या देशातल्या माणसाला ती आवडेलच याची गॅरंटी नाही.

काचेमागे स्टीलच्या टाक्या दिसतात ना, त्या शोभेच्या नसतात. दुपारी ब्रूअर मोकळा असेल तर विचारा, आनंदाने दाखवतात. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गरम पाण्यात मुरवून त्याची साखर काढायची, हॉप्स घालून उकळायचं, गार करून यीस्ट सोडायचं. एल दोनेक आठवड्यात तयार होते, लागरला थंडीत जास्त दिवस ठेवावं लागतं, म्हणून ती प्रत्येकाकडे नसते.

खाणं सुरुवातीलाच मागवा, रिकाम्या पोटी नको. आणि प्रत्येक ग्लासामागे पाणी. एबीव्हीचा, म्हणजे अल्कोहोलच्या टक्केवारीचा, आकडा मेन्यूत असतो तो बघा, पाच टक्क्यांची आणि आठ टक्क्यांची बिअर चवीला कधी कधी सारखीच गोड लागते पण डोक्याला नाही. एका संध्याकाळी दोन जागा पुष्कळ झाल्या, तिसऱ्या जागी तुम्हाला चव कळत नसते, फक्त बिल वाढत असतं. बिलावरून आठवलं, मेन्यूतल्या किमतीवर टॅक्स वेगळा लागतो, सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असतो, नको असेल तर काढायला सांगता येतो.

वय 21 च्या वर हवं, ओळखपत्र जवळ ठेवा, अगदी केस पिकले असले तरी. निवडणूक किंवा गांधी जयंतीच्या आसपास जाणार असाल तर ड्राय डे आधी तपासा. गाडी अजिबात नाही, रक्तात 100 मिलीलिटरला 30 मिलिग्रॅमच्या वर गेलात की गुन्हा, पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, कधी कधी दोन्ही. शेवटची मेट्रो साधारण अकराच्या सुमारास असते, ती चुकली तर नम्मा यात्री या अ‍ॅपवर रिक्षा बघा, आणि पाऊस पडत असेल तर ती बिल मागवायच्या आधीच बुक करा.