काउंटीच्या जेलची मोजदाद: विश्लेषक म्हणून रुजू होणाऱ्यांसाठी

अमेरिकेत लोकप्रशासन शिकून स्थानिक शासनात काम करू इच्छिणारे मराठी विद्यार्थी मला अधूनमधून नोकरीविषयी विचारतात, आणि मला दरवेळी एका शब्दापासून सुरुवात करावी लागते. आपण ज्याला सरसकट तुरुंग म्हणतो त्याचे तिथे दोन प्रकार आहेत: मोठी शिक्षा झालेल्यांसाठी राज्याचे ‘प्रिझन’ आणि काउंटीचे (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक शासनाचे) किंवा शहराचे ‘जेल’, जे बहुतेक काउंट्यांमध्ये निवडून आलेल्या शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलिसप्रमुखाच्या, ताब्यात असते. जेलमधल्या दर दहा जणांपैकी सुमारे सात जणांवरचा आरोप अजून सिद्ध व्हायचा असतो. आपल्याकडच्या बोलीत ते कच्चे कैदी. मुंबईत समाजकार्य शिकताना ऐकलेला हा शब्द मला परदेशातल्या कामात पाठ्यपुस्तकांपेक्षा जास्त उपयोगी पडला.

काउंटीच्या जेलची आकडेवारी पाहणाऱ्या विश्लेषकाचे माझे पद ज्या लाटेत निर्माण झाले ती २०१५ सालची. त्या वर्षी मॅकआर्थर फाउंडेशन या दानशूर संस्थेने ‘सेफ्टी अँड जस्टिस चॅलेंज’ हा उपक्रम जाहीर केला आणि जेलमधली संख्या व वांशिक तफावत कमी करण्यासाठी शहरांना आणि काउंट्यांना अनुदान देण्यास सुरुवात केली. फिलाडेल्फियात तेव्हा सुमारे ८,००० माणसे कोठडीत होती. पुढच्या काही वर्षांत ही संख्या ४० टक्क्यांहून अधिक घटली. शेजारच्या न्यू जर्सीत, जिथे एडिसनच्या आसपास आपली माणसे मोठ्या संख्येने राहतात, २०१३ च्या एका अभ्यासात असे दिसले होते की जेलमधले सुमारे १२ टक्के लोक केवळ २,५०० डॉलर किंवा त्याहून कमी जामीन भरता न आल्यामुळे आत होते. १ जानेवारी २०१७ पासून त्या राज्याने रोख जामीन जवळजवळ मोडीत काढला.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी एक चूक केली, ती बहुतेक नवखे करतात. रोज किती जणांना आत आणले जाते एवढाच आकडा मी पाहत राहिले. जेलमधली संख्या म्हणजे रोजची आवक गुणिले सरासरी मुक्काम, हे एका वयस्कर जेल अधिकाऱ्याने मला कागदाच्या कपट्यावर लिहून दाखवले. त्याचा हिशेब साधारण असा होता: रोज ३० जण येतात, त्यांतले २० दोन दिवसांत सुटतात आणि १० जण ५० दिवस राहतात, म्हणजे आत ५४० माणसे. किरकोळ गुन्ह्यांतली निम्मी अटक थांबवली, म्हणजे त्या २० पैकी १० जणांना आणलेच नाही, तर रिकाम्या होतात फक्त २० खाटा. पण दीर्घ मुक्काम दहा दिवसांनी कमी केला, तर १००. किरकोळ अटक टाळू नये असा याचा अर्थ नव्हे, कारण दोन दिवसांच्या कोठडीतही माणसाची नोकरी जाते. परंतु वार्षिक अहवालात खाटांचे आश्वासन देताना हा कपटा जवळ असावा.

दीर्घ मुक्कामाची कारणे संगणकासमोर बसून कळत नाहीत. जामिनाच्या सुनावण्या सहसा जनतेसाठी खुल्या असतात. सोमवारी सकाळी, शनिवार-रविवारची अटक साचलेली असताना, तिथे जाऊन बसावे. मी पाहिलेल्या पहिल्या सुनावणीत आरोपी पडद्यावर नारिंगी कपड्यांत दिसत होता, दंडाधिकारी मान खाली घालून कागद उलटत होते आणि सारे प्रकरण तीन मिनिटांच्या आत आटोपले. नव्या प्रकरणात त्याला जामीन मिळाला. तरी तो सुटला नाही, कारण जुन्या शिक्षेच्या प्रोबेशनवर, म्हणजे कोठडीऐवजी देखरेखीखाली बाहेर, असल्याने त्याच्यावर ‘डिटेनर’ (आतच रोखून ठेवण्याचा आदेश) लागला होता आणि त्या आदेशाची सुनावणी दुसऱ्याच न्यायाधीशासमोर, कित्येक आठवड्यांनी व्हायची होती. माझ्या तक्त्यात मात्र त्याच्या नावापुढे ‘जामीन मंजूर’ एवढेच दिसत होते.

वांशिक तफावतीचा प्रश्न इथेच येऊन गुंततो. देशभरात कृष्णवर्णीयांचे जेलमध्ये असण्याचे प्रमाण, लोकसंख्येच्या हिशेबाने, श्वेतवर्णीयांच्या तिपटीहून अधिक आहे. ज्या वस्तीत पोलिसांची गस्त जास्त, तिथे जुनी प्रकरणे जास्त, म्हणून प्रोबेशनही जास्त, आणि म्हणून डिटेनरही. सुधारणा बहुधा सौम्य आरोप आणि कोरी पाटी असलेल्यांपासून सुरू होतात. त्यांचा लाभ कोणाला आधी मिळणार, हे उघड आहे. समजा, १,००० कैद्यांपैकी ६०० कृष्णवर्णीय आहेत आणि सुधारणांनंतर एकूण ६०० कैदी उरले, त्यांपैकी ३९० कृष्णवर्णीय. त्यांच्यातले २१० जण घरी गेले, तरीही त्यांचा वाटा ६० वरून ६५ टक्क्यांवर गेला. न्यू जर्सीत जेलमधली संख्या मोठ्या प्रमाणावर घटूनही कृष्णवर्णीयांचा वाटा जवळपास होता तिथेच राहिला. मी असा तक्ता पहिल्यांदा मांडला तेव्हा वरिष्ठांनी टक्केवारीचा स्तंभ काढून केवळ घट दाखवायला सांगितले. तेव्हा मी तो काढला, आणि याची मला आजही खंत वाटते. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवावेत, वाद झाला तरी चालेल.

वंशाच्या नोंदीवरही डोळे झाकून भिस्त ठेवू नये. आमच्याकडे बुकिंगच्या, म्हणजे अटकेनंतरच्या नोंदणीच्या, टेबलावरचा शिपाई बरेचदा चेहरा पाहून तो रकाना भरत असे; लॅटिनो माणसे ‘श्वेत’ म्हणून चढत आणि त्यामुळे तफावत आहे त्याहून कमी दिसे. एकाच भारतीय गृहस्थाची नोंद मला दोन अटकांत दोन वेगवेगळ्या वंशांखाली सापडली होती.

व्यावहारिक बाजू थोडक्यात सांगते. माझी काउंटी व्हिसासाठी अर्ज करायला तयार नव्हती, म्हणून पहिली काही वर्षे मी एका विद्यापीठाच्या संशोधन केंद्राकडून पगार घेऊन काउंटीचे काम केले. हा मार्ग अर्ज करतानाच चाचपून पाहावा. एसक्यूएल आणि आर या माहिती हाताळण्याच्या संगणकभाषांपैकी एकीची तरी चांगली सवय हवी. शेरीफ, न्यायालय आणि प्रोबेशन यांची माहिती तीन वेगळ्या प्रणालींत असते, त्यांचे ओळखक्रमांक जुळत नाहीत, आणि माहिती-देवाणघेवाणीच्या करारावर सह्या होईपर्यंत आमचे नऊ महिने गेले. त्या नऊ महिन्यांत मी सोमवारच्या सुनावण्यांना जाऊन वहीत हाताने नोंदी केल्या, आणि डिटेनरसाठी वेगळा स्तंभ हवा ही करारातली मागणी त्याच वहीतून आली.